ताटावर आडवा हात

फेल्डहोवनमध्ये आमच्या गल्लीतून कंपनीकडे जाणाऱ्या सायकलच्या रस्त्याला लागून सफरचंदाची काही झाडं आहेत. कुणाची आहेत कोण जाणे. हेमेन्टेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची असावीत; कारण कुणी ती तोडत नाही आणि त्यांची फळं कुणी खातही नाही. सप्टेंबर उलटला की सफरचंदं आपोआप खाली पडायला लागतात, सायकलींच्या चाकांखाली चिरडली जातात. दोन दिवस पाऊस आणि मग एक दिवस ऊन पडलं की त्या लगद्याला आंबूस वास सुटतो, गांधीलमाश्या जमतात. मी तिथे उतरतो आणि सायकल हातात धरून चालत जातो. मागचे लोक घंटी वाजवत पुढे निघून जातात. घसरायची भीती वाटते, असं मी सांगतो. खरं कारण तो वास.

आपल्याकडे शरद म्हटलं की चांदणं आणि आटवलेलं दूध. इथला शरद म्हणजे नुसती पडझड. आणि साथीच्या पहिल्या वर्षीचा शरद तर माझ्या अंगातून जातच नाही. दुकानांच्या दारात हात चोळायच्या औषधाच्या बाटल्या, जमिनीवर दीड-दीड मीटरवर चिकटवलेल्या पट्ट्या, मास्क हनुवटीखाली ओढून घाईघाईत सिगारेट ओढणारी माणसं. ऑफिस बंद होतं, मी झोपायच्या खोलीत बसून काम करायचो. कुकरची शिट्टी झाली की मीटिंगमधला डच सहकारी विचारायचा, "तुमच्या घराजवळून रेल्वे जाते का?"

त्या शरदात एक पांढरा टॉवेल माझ्या खांद्यावर होता. वेळ आली की तो बॉक्सिंगच्या रिंगमध्ये फेकायचा आणि लढत थांबवायची, हे माझं काम होतं. मी तो फेकला नाही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनी मला माफही केलंय. माफ केलंय, कारण का फेकला नाही हे मी कुणाला खरं सांगितलेलं नाही.

फोल्कर जर्मन होता. होता म्हणजे आहे. पण त्याच्याबद्दल बोलताना आम्ही सगळेच भूतकाळात जातो, त्याच्या बायकोसकट. त्याचं नाव मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा वृंदा म्हणाली, "फोलकर? हे कुठले, चिपळूणकडचे का?"

"अगं, जर्मन आहे. आणि ते नाव आहे, आडनाव नाही."

"बरं, मग फोल गावचे जर्मन."

आम्ही खूप हसलो. फोल या शब्दाचा अर्थ तेव्हा दोघांच्याही मनात आला असणार, पण कुणी उच्चारला नाही.

माझी साखर काठावर आली होती. हाउसआर्ट्स, म्हणजे आमची नेहमीची डॉक्टर, गोळ्या द्यायला तयार नव्हती. घाम गाळा म्हणाली. म्हणून मी साथीच्या आधीच्या वर्षी आइंडहोवनमधल्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमधल्या बॉक्सिंग क्लबात जायला लागलो. पोट सुटलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या लोकांचा तिथे एक वर्ग होता, आणि तो फोल्कर घ्यायचा. दिवसा तो पार्सलच्या गोदामात काम करायचा. माणूस दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा एवढा. नाक दोनदा बसवलेलं. आवाज मात्र बालवाडीच्या बाईंसारखा.

"श्री," तो मला म्हणायचा, कारण श्रीकांत त्याच्या तोंडात मावत नव्हतं, "तू एकटाच असा आहेस की जो ठोसा मारतो आणि सॉरी म्हणतो."

"सवय आहे."

"मग आधी सॉरी म्हण आणि नंतर मार. निदान समोरचा सावध तरी होईल."

मी त्याच्याशी जर्मनमध्ये बोलायचो. पुण्यात कॉलेजात असताना जर्मनचे वर्ग केले होते, त्याचा मला वाजवीपेक्षा जास्त अभिमान होता. फोल्करला ते जर्मन ऐकायला आवडायचं. "माझ्या आजोबांच्या रेडिओतून कुणी बोलतंय असं वाटतं," म्हणायचा.

त्याचं बॉक्सिंगचं आयुष्य मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, बहुतेक वेळा हातांना पट्ट्या गुंडाळता गुंडाळता. पूर्व जर्मनीतलं छोटं गाव. अंगाने थोराड म्हणून पोरवयातच क्रीडा वसतिगृहात गेला. हेवीवेट, पण पायात हलका. डाव्या हाताचा लांब, सरळ ठोसा. दार वाजवल्यासारखा, टक टक, टक टक. हौशी खेळात तेवढं पुरायचं. डोक्यावर जाड टोप, अंगात बनियन, ठोसा नीट लागला की गुण. समोरच्याला दुखलं की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नसायचं. त्याने पदकं मिळवली, देशाचा बनियन मिळवला, सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या दारापर्यंत गेला आणि पात्रता फेरीत थोडक्यात राहिला. त्या लढतीबद्दल तो फारसं बोलायचा नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या बटाट्याच्या सूपबद्दल मात्र तासभर बोलायचा.

मग तो व्यावसायिक झाला. का झालास, असं मी एकदा विचारलं.

"लोक म्हणाले, आता नाही तर वय निघून जाईल."

"लोक म्हणजे कोण?"

"लोक म्हणजे लोक. तुमच्याकडे नसतात?"

मी पट्टीचा पुढचा वेढा घेतला. आमच्याकडे तर दुसरं काय असतं?

बनियन उतरला, टोप उतरला, फेऱ्या वाढल्या, हातमोजे पातळ झाले. आता दुखण्यालाच गुण होते. सुरुवातीला त्याच्यासमोर अशी माणसं उभी करत की जी पडणारच होती. पोस्टरवर त्याचा चेहरा मोठा, त्यांचा छोटा. दार वाजवल्यासारख्या त्या ठोशाने गुण मिळायचे, पण दार तुटायचं नाही. आणि प्रेक्षकांना दार तुटलेलं बघायचं असतं. मग एक हार, मग आणखी एक. ज्याने करार केला होता तो फोन उचलेनासा झाला. आणि एके दिवशी फोल्करच्या लक्षात आलं की पोस्टरवर दुसऱ्याचा चेहरा मोठा आहे आणि पडण्यासाठी आणलेला माणूस आपण आहोत. हे नेमकं कधी झालं, ते त्याला सांगता यायचं नाही.

साथीत क्लब बंद होता तेव्हा आम्ही दोघं त्याच सफरचंदांच्या रस्त्यावर पळायचो. मी धापा टाकत, तो माझ्याकडे तोंड करून उलटा पळत. तिथेच त्याने मला सांगितलं की अशा हरणाऱ्या बॉक्सरला जर्मनमध्ये 'फालओब्स्ट' म्हणतात. पडलेलं फळ. मी म्हटलं, आमच्याकडे झाडावर पिकून आपणहून पडलेला आंबा सगळ्यात गोड. पाडाचा आंबा म्हणतात त्याला.

तो पळायचा थांबला. "पडलेला खाता तुम्ही?"

"तोच खातो. भांडून खातो."

त्याने वाकून एक सफरचंद उचललं, पँटला पुसलं, चावा घेतला आणि थुंकून टाकलं. "आमच्याकडचं डुकरांना घालतात," तो म्हणाला. "आणि डुकरंसुद्धा आधी विचार करतात."

पण एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. दोन फेऱ्यांच्या मधे बॉक्सर आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर मिनिटभर बसतो. घंटा झाली आणि तो उठलाच नाही तर लढत संपते. त्या धंद्यात याहून मोठी नामुष्की नाही. पडणं परवडलं, बसून राहणं नाही. "कितीदा हरलास ते विचार, सगळं सांगतो," तो म्हणायचा. "पण स्टुलावर बसून राहिलो, असं एकदाही नाही." इतक्या वर्षांत त्याच्याकडे स्वतःचं म्हणून राहिलेलं एवढंच होतं. मला ते माहीत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्याची बायको मरायका इथलीच, ब्राबांटची. वृद्धांच्या शुश्रूषागृहात परिचारिका. त्या वसंतात तिच्या मजल्यावरची किती म्हातारी माणसं गेली, ते ती सांगत नसे. एवढंच म्हणाली होती की बाहेरच्या हिरवळीवर उभे राहून काचेतून हात हलवणारे मुलगे आणि मुली मला झोपेत दिसतात, आणि झोपेत मी खिडकीचा पडदा ओढते.

उन्हाळ्याच्या अखेरीस जरा सैल झालं, घरी पाहुणे बोलवायला परवानगी मिळाली, तेव्हा वृंदाने दोघांना एका रविवारी जेवायला बोलावलं. भरली वांगी, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, आणि श्रीखंड. इथे आपण श्रीखंड क्वार्कचं, म्हणजे इथल्या तयार चक्क्याचं करतो. सुपरमार्केटमध्ये डब्यात मिळतो, टांगायची कटकट नाही. फोल्करने वाटीत बोट घालून चाटलं आणि टेबलावर हात आपटला. "हा क्वार्क आहे! माझ्या आईचा क्वार्क! याला तुम्ही काय केलंत?"

"वेलदोडा घातला," वृंदा म्हणाली. "घे अजून."

आता इथली पद्धत अशी की एकदा 'नको' म्हटलं की बिस्किटांचा डबा बंद होतो आणि फडताळात जातो. फोल्कर म्हणाला नको, आणि वृंदाने वाढलं. तो पुन्हा म्हणाला नको, तिने पुन्हा वाढलं. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

"तसं नाही," मी म्हटलं. "पुरे म्हण."

"पूरे."

"पुरे."

"पुरे!" तो ओरडला. वृंदाने आणखी एक चमचा घातला. मरायका इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. त्या वर्षात मी तिला तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

आमची सई तेव्हा पंधरा-सोळाची. ती मराठी ऐकते आणि डचमध्ये उत्तर देते. ती फोल्करला म्हणाली, "नुसतं म्हणून काही होत नाही. आमच्याकडे 'पुरे' म्हणजे 'वाढा' असंच समजतात. खरंच नको असेल तर हात असा आडवा धर ताटावर. पालथा. तेव्हा थांबतात." आणि तिने तळहात खाली करून ताटावर आडवा धरून दाखवला. फोल्करने आपला भलामोठा पंजा वाटीवर धरला. वाटी दिसेनाशी झाली.

"पुरे," तो गंभीरपणे म्हणाला.

आणि मी काय केलं, तर त्याच्या बोटांच्या फटीतून चमचा आत सरकवला. "एकच. माझ्या हातचा." आमच्याकडे असंच करतात. माझे वडील असंच करायचे, व्याह्यांच्या पंगतीत. त्यात प्रेम असतं, आणि सरशीही असते. फोल्कर हसला आणि त्याने हात काढून घेतला.

लढतीचा फोन आला तो ऑक्टोबर तोंडावर असताना. जर्मनीत रिकाम्या हॉलमध्ये कॅमेऱ्यांसमोर लढती चालू झाल्या होत्या. प्रवासाच्या बंदीमुळे पडणारी माणसं लांबून आणता येत नव्हती, म्हणून सरहद्दीजवळची, गाडीने येऊ शकतील अशी शोधत होते. समोरचा चढता तरुण होता. आठ फेऱ्या. फोल्करचं वय तेव्हा अडतीसच्या पुढे, आणि वसंतात त्यालाही साथीचा ताप येऊन गेलेला. आता पूर्वीसारखा दम पुरत नव्हता. उलटा पळताना तो अधूनमधून सरळ व्हायचा, आणि मला वाटायचं, माझ्यासाठी थांबतोय.

क्लबाच्या म्हाताऱ्या ट्रेनरची तपासणी ऐनवेळी पॉझिटिव्ह आली. आत फार माणसं सोडत नव्हते. जखमा बघायला आयोजक त्यांचा माणूस देणार होते, पण आपलं असं कोपऱ्यात कुणीतरी हवं होतं, जर्मन बोलणारं. फोल्करने मला विचारलं. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला किती बरं वाटलं, ते आठवलं की अजून लाज वाटते.

"थांबवायचं ते तू ठरव," तो म्हणाला. "पण मला वाटलं तर मी सांगेन. जर्मनमध्ये 'श्लूस', संपलं, असं म्हणणार नाही. रिकामा हॉल असतो, सगळं ऐकू जातं, कॅमेऱ्यालासुद्धा. मी तुमचं ते म्हणेन."

"काय?"

"पुरे."

तो हे हसत म्हणाला. मीही हसलो. आता इतक्या वर्षांनी वाटतं की आपल्याला ते म्हणावं लागणार, हे त्याला कळलं होतं. सगळ्या जगात फक्त एका माणसाला कळेल अशा शब्दात त्याला ते म्हणायचं होतं.

निघताना मरायका दारात उभी होती. रात्रपाळीवरून आलेली, मास्कचे वळ गालावर. त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाली, "तो स्वतःहून थांबणार नाही. त्याला तो शब्दच येत नाही. तू थांबवशील ना?"

मी म्हटलं, "थांबवीन."

हॉल म्हणजे प्रदर्शनाची शेड होती. मधोमध रिंग, वर दिवे, बाकी अंधार. जंतुनाशकाचा वास इतका की जिभेवर चव येत होती. निवेदक रिकाम्या जागेला "लेडीज अँड जंटलमेन" म्हणाला. प्रेक्षक असले की ठोशाचा आवाज कळत नाही. हे मला तेव्हा कळलं. तिथे प्रत्येक ठोसा ऐकू येत होता. फोल्करचे ओल्या सतरंजीवर काठी मारल्यासारखे. त्या पोराचे वेगळे. ते आवाज कशासारखे होते, ते मी लिहिणार नाही.

पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. टक टक, टक टक. तिसरीत त्याचे पाय जड झाले. चौथीत त्या पोराच्या कोपऱ्यातून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "घाई करू नको, पडतंय ते." रिकाम्या हॉलमध्ये ते छताला लागून परत आलं. पाचवीत फोल्कर दोनदा दोरांवर गेला. पण शेवटी शेवटी त्याचा उजव्या हाताचा एक ठोसा नीट बसला, त्या पोराच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं आणि घंटा झाली.

तो येऊन स्टुलावर बसला. आयोजकांच्या माणसाने सूज उतरावी म्हणून त्याच्या भुवईवर थंड लोखंड दाबून धरलं. मी त्याच्या दातांवरची रबरी कवळी काढली, पाणी दिलं. त्याने पाणी बादलीत थुंकलं आणि माझ्याकडे बघितलं. खूप लांबून बघितल्यासारखं.

"पुरे," तो म्हणाला.

स्पष्ट म्हणाला. रविवारी शिकवला होता, तसाच. आणि हातमोजा घातलेला उजवा हात उचलून त्याने स्वतःच्या गुडघ्यांच्या वर, हवेत, आडवा धरला. पालथा. जिथे ताट असतं तिथे.

मी लोकांना सांगितलं आहे की गोंधळ होता, घाई होती, मिनिटभराचाच तर वेळ असतो. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नाही. मला कळलं होतं. शब्द कळला होता आणि हातही कळला होता. टॉवेल खांद्यावर होता, ओला, जड.

मी हसलो. श्रीखंडाच्या चमच्यामागचं हसू होतं तेच. आणि म्हटलं, "एकच. अजून एकच फेरी. तो घाबरलाय तुला आता."

आणि फोल्करने, पाहुणा काढून घेतो तसा, हात काढून घेतला.

का? याचा मी त्यानंतर इतका विचार केलाय की त्या विचाराची वाट मळून गेलीय. मी आयुष्यात कुणाला हुकूम दिलेला नाही. मीटिंगमध्ये माझा मुद्दा दुसऱ्याच कुणी मांडला की मी मान डोलावतो. सई लहानपणी म्हणायची, बाबाला 'म्यूट' करायची गरजच नाही. आणि तिथे एवढा मोठा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता, माझ्या शब्दावर उठणार होता. उजव्या हाताचा तो एक ठोसा बसला होता, आणि तो जणू मीच मारला होता. मला आणखी एक बघायचा होता. एवढंच. याच्याखाली दुसरं काही नाही, मी खणून पाहिलंय.

सहाव्या फेरीत तो पडला. मोठा ठोसा नव्हताच तो. दमलेला माणूस पलंगाच्या कडेवर बसतो तसा बसला, मग आडवा झाला. उठला, आपल्या पायांनी चालत खाली आला, निवेदकाला धन्यवाद म्हणाला. परतीच्या वाटेवर गाडीत त्याने विचारलं, "कितवी फेरी होती?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पहिला फाटा पकडून दवाखाना शोधला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली. मला आत सोडलं नाही, नियमच होता. मी गाडीत बसून राहिलो आणि मागच्या सीटवर त्याचे हातमोजे वाळत पडले होते.

मरायकाचा फोन आला तेव्हा मागे कुणीतरी म्हातारी व्यक्ती सारखी घंटा वाजवत होती. ती रडत नव्हती. तिने एकच विचारलं, "मधे कधी थांब म्हणाला होता?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच बोलला नाही."

"वाटलंच," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात संचारबंदी लागली. रात्री रस्ते इतके शांत की सिग्नलचे दिवे बदलल्याचाही आवाज येईल असं वाटायचं. मग लशी आल्या, मास्क गेले, जमिनीवरच्या पट्ट्या झिजून गेल्या. लोक त्या वर्षांबद्दल आता लांबच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतात. क्लब पुन्हा सुरू झाला. मी गेलो नाही. माझी साखर काठ ओलांडून पुढे गेली.

फोल्कर घरी असतो. डावा हात धड उचलत नाही. तो शरद आणि त्याच्या आधीची बरीच वर्षं त्याच्या डोक्यातून गेली आहेत. वसतिगृहाचं सूप आहे, हौशी स्पर्धांतली पदकं आहेत, आणि एक वाक्य आहे: स्टुलावर बसून राहिलो, असं एकदाही नाही. मरायकाने नोकरी सोडली. दर शनिवारी मी त्यांच्याकडे जातो, बाजार आणून देतो, कुंपण कापतो. "किती करतोस रे तू त्यांच्यासाठी," वृंदा म्हणते. शेजारी म्हणतात, भारतीय माणसं अशीच असतात. मी ऐकून घेतो.

मरायका त्याची सगळी सेवा करते, आणि त्याला माफ करत नाही. साधं आहे तिचं: तो एक शब्द म्हणाला असता तर मला नवरा मिळाला असता. त्याने मला नाही निवडलं, स्टुलावरून उठणं निवडलं. ती हे त्याला तोंडावर सांगते, भाजी चिरता चिरता, आणि तो समजुतीने मान हलवतो. तिचा नवरा तो शब्द म्हणाला होता. तिच्याकडे परत यायला निघाला होता. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी दर शनिवारी कुंपण कापत होतो.

हे मी मराठीत लिहितोय, कारण ही भाषा त्या दोघांनाही येत नाही. एक शब्द येत होता, तोही आता कुणाला आठवत नाही. इथे खरं बोलायची मला काही किंमत मोजावी लागत नाही, हे मला कळतं.

कारण गेल्या शनिवारी ती मोजायची वेळ आली. बाहेर तोच वास. फोल्करला फिरायला न्यायचं होतं, तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता आणि मरायका जमिनीवर गुडघे टेकून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. "तेव्हा एकदा, फक्त एकदा बस म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर आज मी इथे खाली बसले नसते."

"म्हणाला होता," मी म्हटलं.

माझं मलाच नवल वाटलं. ती वर बघायला लागली. मी सांगितलं. शब्द, आडवा हात, माझं हसणं, माझं 'एकच अजून'. माझ्या मोडक्या डचमध्ये, क्रियापदं भलतीकडे पडत होती, पण सगळं सांगितलं. नाडी तिच्या हातात तशीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडायला लागलं. त्या रविवारच्या जेवणानंतर मी ते पाहिलं नव्हतं.

"कोण म्हणालं?" फोल्करने विचारलं.

"तू," मरायका म्हणाली. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बस म्हणाला होतास."

"मी? स्टुलावर?" तो आधी हसला. मग हसायचा थांबला. "नाही. मी नाही. मी असं कधी केलेलं नाही. मरायका, हा काय बोलतोय?" त्याने उजव्या हाताने खुर्चीची कड धरली. आवाज मात्र तोच, बालवाडीच्या बाईंचा. "श्री, तू होतास तिथे. मला आठवत नाही, पण तू होतास. सांग तिला. मी बसून राहिलो नाही. सांग."

दोघंही माझ्याकडे बघत होते. तिला हो हवं होतं आणि त्याला नाही हवं होतं. देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं.

"माझी ऐकण्यात चूक झाली असेल," मी म्हटलं. "तोंडात रक्त होतं त्याच्या. बहुधा काहीच म्हणाला नसेल."

मरायकाने माझ्याकडे बघितलं. तिला काय वाटलं, ते मला कळलं नाही. कळून घ्यायची हिंमत नव्हती. मग तिने मान खाली घातली, नाडी घट्ट ओढली आणि गाठ मारली.

"बघ," ती त्याला म्हणाली. "नाहीच म्हणालास. तुला कधी म्हणताच आलं नाही."

"नाहीच," फोल्कर ताठ बसून म्हणाला, आणि त्याने दुसरा पाय पुढे केला.